निळ्या स्वेटरच्या नोंदी

५ जुलै २०२४, शुक्रवार, म्हापसा (गोवा)

बाजाराचा दिवस, त्यात सकाळपासून पाऊस. जेवणाच्या सुट्टीत सोसायटीतल्या कामावरून निघून दुकानात गेले ते आठ नंबरच्या सुया घ्यायला. दुकान खरं म्हणजे बटणं, झिपा आणि अस्तराच्या कापडाचं. लोकर मागच्या कपाटात, तीही बहुतेक अॅक्रिलिक.

दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. एका हातात घरून आणलेला नेव्ही ब्लू गुंडा, दुसऱ्या हातात दुकानातला, दोन्ही शेजारी शेजारी धरून बघत होत्या. बाहेर ढगांनी काळोख केला होता, म्हणून त्या आत ट्यूबलाइटखाली आल्या. माझ्या हातातल्या सुया दिसल्या तशा सरळ मलाच म्हणाल्या, "बाय, बघ गो जरा. हा नि हा एकच रंग ना?"

मी दोन्ही गुंडे हातात घेतले. शुद्ध लोकर, बोटांना लगेच कळते. उजेडाकडे धरून पाहिलं. "एकच आहे," म्हटलं.

त्यांनी सहा गुंडे घेतले. आधीचे सहा मे महिन्यात घेतलेले, दुकानदाराने खास लुधियानाहून मागवून दिलेले. नातवासाठी स्वेटर करायचाय. तो जहाजावर डेक कॅडेट म्हणून जानेवारीत रुजू होणार, पहिलीच फेरी युरोपच्या बाजूला. "अॅक्रिलिक नको जहाजावर," त्या म्हणाल्या. "आग लागली तर वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहज पेटत नाही." हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. समुद्राच्या वाऱ्यात रात्रीची पाळी करणाऱ्या मुलाला याहून चांगलं काय देणार.

बस येईपर्यंत दोघी बोलत उभ्या. निवृत्त शिक्षिका, मराठी प्राथमिक शाळेच्या. राहायला अस्नोड्याला. मी कुडाळची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. जाताना घराची खूण सांगून गेल्या. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली, पण विणकामाबद्दल बोलायला माणूस आज भेटलं.

१४ जुलै, रविवार, अस्नोडा

गेले. जुनं कौलारू घर, पुढे बाल्कांव म्हणजे दारापुढचा उघडा ओटा, त्याच्या दोन्ही बाजूंना सोपो, म्हणजे बांधीव बाकं. पावसाळ्यातला जो काही उजेड असतो तो सगळा तिथेच. बाई तिथे बसूनच विणतात.

आणि कशा विणतात! मी आईकडून शिकले ते असं: धागा उजव्या हाताच्या बोटावर, प्रत्येक टाक्याला हात उचलून सुईभोवती फिरवायचा. बाईंचा धागा मानेत. गुंड्यापासून आलेला धागा उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक वळसा घेतो, मग मानेमागून जाऊन डाव्या खांद्यावरून खाली कामावर येतो. सुई टाक्यात गेली की डाव्या अंगठ्याने धागा नुसता ढकलायचा. बस्स. हात हलताना दिसतच नाहीत, फक्त अंगठा.

मी किती तरी वेळ बघत राहिले. उलट टाका, जो मला नेहमी जड जातो, तो या पद्धतीत सगळ्यात सोपा, कारण धागा आधीच पुढच्या बाजूला असतो. बाई म्हणाल्या, लहानपणी म्हापशात शेजारी एक ख्रिश्चन बाई होत्या, त्यांच्याकडून ही कला आली. साल १९५७ असेल, बाई नऊ वर्षांच्या. सकाळी पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव (प्राथमिक वर्ग), संध्याकाळी शेणवीमामांकडे, म्हणजे गावच्या मराठी मास्तरांकडे, मराठी, आणि मधल्या वेळात शेजारणीच्या पायरीवर सुया. शेजारीण सुलट टाक्याला 'मेय' म्हणायची, उलट टाक्याला 'लिग'. बाई अजून मनात तसंच मोजतात. सुलट-उलट हे शब्द त्यांनी पुढे शाळेतल्या मुलींना शिकवताना वापरायला घेतले. ६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. "राज्य गेलं, पण माझ्या मानेतला धागा काही गेला नाही," म्हणाल्या.

पोर्तुगालमध्ये असंच विणतात. ग्रीस, तुर्कस्तान, पेरू या देशांतही मानेतून धागा घेणारे विणकर आहेत. माझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी विणायची रीत एकच.

प्रकल्पाची माहिती लिहून ठेवते.
लोकर: नेव्ही ब्लू, पन्नास ग्रॅमचे बारा गुंडे. सुया: अंगासाठी आठ नंबर, बॉर्डरला दहा नंबर. (आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे ३.२५.) नातवाची छाती ३८, तयार माप ४२, म्हणजे पाठ २१ इंच नि पुढचा भाग २१ इंच. बाईंचं माप इंचाला साडेपाच टाके. ११६ टाके घालायचे.

निघताना त्यांनी मला सहा गुंडे दिले. "मी पाठ करते, तू पुढचा भाग कर. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, जानेवारी गाठायची आहे." मी हो म्हणून टाकलं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. ठरवून नाही, पण आजच त्यांनी मला मानेतून धागा घेऊन विणायला शिकवलं. मी पिशवीतून अनंताची दोन फुलं नेली होती. त्यांनी एक देवाला वाहिलं, एक स्वतःच्या अंबाड्यात खोचलं.

पहिला तास माझा अंगठा दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा वागत होता. धागा एकदा सैल, एकदा गळ्याला काच बसेल इतका घट्ट. "सवकास," बाई म्हणत होत्या, "सवकास गो. मान ताठ ठेव. मानेनेच धागा सोडायचा." दुसऱ्या तासाला उलट टाक्यांची एक ओळ पडली. त्या ओळीतले टाके एकसारखे आहेत, माझ्या आजवरच्या कुठल्याही उलट ओळीपेक्षा एकसारखे.

स्वेटर मात्र मी माझ्याच पद्धतीने विणणार. मुदतीच्या कामावर नवा हात चालवू नये.

२८ जुलै, रविवार

नमुना न विणता टाके घालायची चूक मी करणार होते. बाईंनी थांबवलं. दोघींनी त्याच लोकरीवर, आठ नंबरच्या सुयांवर चार-पाच इंचांचे चौकोन विणले आणि शेजारी ठेवून पट्टी लावली.

चार इंचांत बाईंचे २२ टाके. माझे २४.

दोन टाक्यांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण इंचाला साडेपाच आणि इंचाला सहा हा तो फरक. ११६ टाक्यांवर बाईंची पाठ २१ इंच होईल आणि माझा पुढचा भाग सव्वाएकोणीसच्या आसपास. मुलगा स्वेटर घालील तेव्हा बाजूची शिवण पुढे ओढली जाईल. बाईंचा हात सैल नि माझा घट्ट, एवढंच त्याचं कारण. कसोशीने विणते, धागा दाबून धरते, सोडत नाही. आई म्हणायची, टाक्यांवर राग काढू नकोस.

यावर उपाय एकच: मी जाड सुई घ्यायची. सात नंबर, साडेचार मिलिमीटर. संध्याकाळी पुन्हा चौकोन विणला. २२ टाके! ओळी मात्र जुळेनात. चार इंचांत त्यांच्या २८, माझ्या २७. त्याचं शिवताना पाहू.

१८ ऑगस्ट, रविवार

काम: पाठ ९ इंच, पुढचा भाग साडेसहा.

तीन आठवडे उन्हाचं नाव नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांना बुरशी, पापड सादळलेले. लोकरीची पिशवी मी डांबरगोळी आणि कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट पत्र्याच्या डब्यात ठेवते, नाही तर कसर लागायला वेळ लागत नाही.

बसमध्ये विणत होते तर शेजारच्या बाईने विचारलं, गोव्यात स्वेटर कशाला? सगळेच विचारतात. तिला सांगितलं, जगात सापडलेले सगळ्यात जुने सुयांवर विणलेले मोजे थंड देशातले नाहीत, इजिप्तमधले आहेत. हजार वर्षांच्या आसपासचे, आणि सुती. पांढऱ्या आणि निळीने रंगवलेल्या सुताचे. विणकाम उन्हाळी मुलखात मोठं झालं, थंडीकडे मागाहून गेलं. तिचा थांबा आला, पण उतरताना तिने माझ्या हातातल्या कामाला बोट लावून पाहिलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल चतुर्थी. चार दिवस सुईला हात नाही. बाईंच्या घरी दर्शनाला जाऊन आले. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, त्यांनी स्वतः रानातली कांगलां, माट्टुळां बांधून घेतली होती. नेवऱ्या डबा भरून दिल्या. नातू घरीच होता, उंच, लाजरा. माप पुन्हा घेतलं. बाही २० इंच लागणार, आधी १९ धरली होती.

२२ सप्टेंबर, रविवार

आज लख्ख ऊन पडलं. दोन अडीच महिन्यांत पहिल्यांदाच बाल्कांवात उन्हाची तिरीप सोपोवर आली होती.

बाईंनी पाठ माझ्या मांडीवर टाकली. "बघ, १४ इंच झाली." मी उचलून उन्हात धरली आणि माझ्या पोटात गोळा आला. खालचे नऊ इंच निळे. त्याच्यावर, रेघ मारल्यासारखं, वेगळंच. तेही नेव्ही ब्लूच, पण काळपट, जरा जांभळ्याकडे झुकणारं. पाच इंचांचा पट्टा.

बाई हसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना तो दिसत नव्हता.

मी म्हटलं, छान झाली आहे. चहा घेतला. साडेपाचच्या बसने आले. काही बोलले नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार, रात्र

झोप नाही. घरी दोन्ही प्रकारच्या गुंड्यांचे धागे घेऊन बसले. ट्यूबलाइटखाली: एकच रंग, कितीही निरखलं तरी एकच. पिवळ्या दिव्याखाली किंचित वेगळा. सकाळी साडेसातला खिडकीत धरले तेव्हा लहान मूलही सांगेल की दोन वेगळे.

लेबलं डब्यात होती. मी कधी फेकत नाही. सहा गुंड्यांवर एक लॉट नंबर, उरलेल्यांवर दुसरा. शेड नंबर तोच. लोकर रंगवताना एका वेळी जेवढी एका हौदात जाते तो एक लॉट. पुढच्या खेपेला तोच रंग बनवला तरी रंगद्रव्यांचं मिश्रण तंतोतंत उतरत नाही. आणि अशी दोन मिश्रणं एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. म्हणून लोकर घेताना लॉट नंबर बघायचा, आणि तो जुळत नसेल तर गुंडा दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात न्यायचा. हे मला वीस वर्षं माहीत आहे. त्या दिवशी पाऊस होता, सुट्टी संपत आली होती, आणि त्यांनी विश्वासाने विचारलं तर मी लेबल न वाचता "एकच आहे" म्हणून मोकळी झाले.

त्यानंतर गुंडे दोघींनी मिसळून वाटून घेतले. बाईंनी लेबलं काढून हाताला येईल तो गुंडा घेतला. माझ्या वाट्याला सुरुवातीला जुन्या लॉटचेच आले, निव्वळ योगायोग.

परवा गप्प बसले हे त्याहून वाईट.

२९ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. पायरी चढताच, चप्पल काढायच्या आधी. नाही तर पुन्हा चहात विरघळलं असतं.

बाईंनी काम मांडीवर घेतलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. उन्हाकडे धरलं. मग हाताने चाचपलं, जणू बोटांना तरी रंग कळेल. "कुठून?" मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्या बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसल्या.

मग म्हणाल्या, "गेल्या रविवारी तुला दिसलं होतं."

"हो."

"सांगायचं होतंस गो."

आवाज चढला नाही, पण त्या चाळीस वर्षं शिकवलेल्या बाई आहेत. त्यांना चढवावा लागत नाही. मी मान खाली घालून उभी. आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं. पाच मिनिटांनी त्या खुर्ची घेऊन बाहेर आल्या, उलटी ठेवली, आणि म्हणाल्या, "धर. उसवूया."

सुया काढल्या. त्यांनी टोक ओढलं आणि मी उसवलेला धागा खुर्चीच्या दोन पायांभोवती गुंडाळत गेले. ३५ ओळी, ११६ टाके: चार हजार साठ टाके. उसवताना लोकर एक बारीक टरटर आवाज करते. बाई मोजत होत्या. नवव्या इंचाला थांबल्या, टाके पुन्हा सुईवर चढवले, न बघता, एकही निसटला नाही.

मग मी माझ्या पुढच्या भागाचा वरचा एक इंच उसवला. तो जुन्याच लॉटचा होता, उसवायची गरज नव्हती. पण आता दोन्ही लॉट मिसळून वापरायचे तर ते मिसळणं पाठीला नि पुढ्याला एकाच उंचीवर सुरू व्हायला हवं.

हिशोब असा मांडला: जुन्या लॉटचे साडेतीन गुंडे शिल्लक, नव्याचे सहा. नऊ इंचांच्या वर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या, असं आलटून पालटून. डोळा दोन-दोन ओळींचा फरक वेचत नाही, एकच जरा खोल निळा दिसतो. बाह्या वेगळ्या असतात, त्यांची मनगटाची बॉर्डर जुन्याची, वरची पूर्ण नव्याची. गळा जुन्याचा.

उसवलेली लोकर नूडल्ससारखी वेटोळी होते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवली, पिळली नाही, आणि खाली तांब्या अडकवून दोरीवर टांगली. वाळायला तीन दिवस लागतील.

निघताना त्या म्हणाल्या, "डोळ्यांचं आता पुढे ढकलत नाही. तू येशील ना बरोबर?" मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच कळला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

उजवा डोळा झाला. रजा काढून गेले होते. वीस मिनिटांत बाहेर. डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फ्रिजला चिकटवलं. काही दिवस सुया बंद, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी नाही.

मी बाहेरच्या बाकावर पुढच्या भागाच्या सोळा ओळी विणल्या. दोन लॉट, दोन-दोन ओळी. दोन्ही धागे एकाच कडेला येतात, तिथे एकमेकांत अडकवून वर न्यायचे म्हणजे कडेला भोक पडत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजची गोष्ट जशीच्या तशी लिहिते.

बाई बाल्कांवात काळा चष्मा लावून बसल्या होत्या. मी गेल्यावर चष्मा काढला नि म्हणाल्या, "दोन्ही गुंडे आण." आणले. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि उजव्याने बघितलं. मग तळहात उजव्यावर नेला आणि डाव्याने बघितलं. पुन्हा. पुन्हा.

"ह्या डोळ्याला दोन्ही काळे," डाव्याबद्दल म्हणाल्या. "आणि ह्याला..." थांबल्या. "हा इतका निळा होता?"

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं आणि नेमका निळा उजेड अडवतं. म्हणून निळं नि काळं एक होतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. भिंग बदललं की निळा एकदम परत येतो. मला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण एका माणसाला तो निळा परत मिळताना शेजारी बसून बघणं निराळं.

त्यांनी नव्या लॉटचा गुंडा उचलला. "खरंच जांभळट आहे गो," म्हणाल्या. "तुला ट्यूबलाइटमध्ये कसा दिसणार होता." एवढंच. त्या विषयावर नंतर आम्ही बोललो नाही.

मग अंगणातली गोकर्णी बघायला उठल्या. मी कोपर धरलं होतं.

३ नोव्हेंबर, रविवार

पाठ १७ इंच, मुंढ्याची घट चालू. बाई आता माझ्यापेक्षा वेगाने विणतात. दिवाळीत नरकासुराच्या ढोलांनी रात्रभर झोप नव्हती, तर त्यांनी बसून बारा ओळी काढल्या. दोन लॉट मिसळलेला भाग उन्हात, सावलीत, ट्यूबखाली, तिन्हीकडे पाहिला. पट्टा नाही. जिथून मिसळ सुरू होते तिथे किंचित सावली पडल्यासारखं वाटतं, ते मला माहीत आहे म्हणून.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढचा भाग संपला. बाह्या एकेक. बाईंची बाही वर जाताना दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत, माझीही तशीच, पण मी सात नंबरवर.

आज विणताना त्यांनी यजमानांबद्दल सांगितलं. ते गेले त्या वर्षी त्यांच्या स्वेटरची एक बाही सुईवर होती. ती तशीच सुईसकट ट्रंकेत आहे. दाखवली. तपकिरी, कसरीने दोन जागी खाल्लेली. मी तिला हात लावायला धजले नाही, तर त्यांनीच माझ्या हातात दिली. "टाके बघ, तेव्हा माझा हात घट्ट होता. तुझ्यासारखा."

८ डिसेंबर, रविवार

जोडणी. खांदे तीन सुयांनी: दोन्ही भागांचे टाके दोन सुयांवर समोरासमोर, तिसऱ्या सुईने दोन्हींतला एकेक मिळून विणायचा आणि लगेच मिटवत जायचा. शिवणीपेक्षा मजबूत, नि खांदा लोंबत नाही.

बाजूची शिवण घेताना जुलैचं ते ओळींचं प्रकरण पुढे आलं. बगलेपर्यंत बाईंच्या १०४ ओळी, माझ्या १००. उंची तीच, १५ इंच. ओळीला ओळ लावत गेलं असतं तर वर बाईंच्या चार ओळी उरून चुणी पडली असती. म्हणून दर पंचवीस ओळींनी माझी एक नि त्यांच्या दोन एकत्र उचलल्या. शिवण सरळ बसली. आतून बारकाईने पाहिलं तर त्या चार जागा सापडतात. बाहेरून नाही.

मी शिवत होते, बाई समोर बसून सांगत होत्या, "आता माझ्या दोन घे."

१५ डिसेंबर, रविवार

धुणं. बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, वीस मिनिटं बुडवून ठेवला. चोळला नाही. दोन्ही हातांवर तोलून काढला, ओला स्वेटर एका बाजूने उचलला तर लांबतो. जाड टॉवेलात गुंडाळून त्यावर बाईंनी उभं राहून पाणी काढलं, माझा हात धरून. मग सोपोवर चटई, चटईवर कोरडा टॉवेल, त्यावर पट्टी लावून आकार दिला: रुंदी २१, लांबी २५, बाही २०. पावसाळा असता तर चार दिवस लागले असते. आज वाऱ्यावर दुपारपर्यंत वरची बाजू सुकली.

लोकर पाण्यातून निघाली की टाके एकमेकांत बसतात. दोन हातांच्या विणीतला उरलासुरला फरक बराचसा इथे जातो. सगळा नाही जात. पाठ हाताला मऊ लागते, पुढचा भाग किंचित भरीव.

२९ डिसेंबर, रविवार

नातवाने घातला. डिसेंबरातल्या दुपारी, घामाघूम होऊन. बाही बरोबर, खांदा बरोबर, गळ्यातून डोकं सहज गेलं. आरशापुढे उभं राहून त्याने पाठीवर हात फिरवला, मग छातीवर. "आजी, ही बाजू तुझी?" बाईंनी मान डोलावली. त्याला ते कसं कळलं कोण जाणे. आम्ही सांगितलं नव्हतं.

आतल्या बाजूने, गळ्यामागे, दोन्ही लॉटचे दोन छोटे धागे बाईंनी गाठ मारून सोडले आहेत. दुरुस्ती लागली तर रंग जुळवायला.

५ जानेवारी २०२५, रविवार

तो काल गेला. दाबोळीहून मुंबई, तिथून पुढे. आज बाईंकडे जायचं कारण नव्हतं, तरी गेले. त्याही मी येईन असं धरूनच दोन कप काढून बसल्या होत्या. डावा डोळा पुढच्या महिन्यात.

उरलेली लोकर: जुन्या लॉटचा लिंबाएवढा गुंडा, नव्याचा त्याहून लहान.

चहा झाल्यावर त्यांनी दहा नंबरच्या, दोन्ही टोकांना टोकदार अशा पाच सुया काढल्या. त्यांच्या शेजारणीच्या काळातल्या असाव्यात. मोजे या सुयांवर गोल विणतात, आणि मानेतून धागा घेणारे ते उलटे, आतली बाजू बाहेर ठेवून, सगळे उलट टाके घालत विणतात. शेवटी मोजा परतवला की सुलट बाजू वर येते. मी हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

"पाय पुढे कर," बाई म्हणाल्या, आणि माझ्या पावलाभोवती टेप गुंडाळला. आठ इंच, इंचाला सहा टाके. माझ्याकडची करडी लोकर. अठ्ठेचाळीस टाके, चार सुयांवर बारा-बारा, पाचवी विणायला. एक मोजा त्या करणार, एक मी, दोघी मानेतून. टाचा निळ्या.